रामबाग ते राऊ: विजेच्या स्कूटरचा तीन वर्षांचा हिशेब

रस्ते आणि वाहतुकीच्या प्रकल्पांचे आर्थिक मूल्यमापन करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. त्यामुळे 2022 च्या दिवाळीच्या तोंडावर इंदुरात विजेची स्कूटर घेतली, तेव्हाच मी ठरवले होते की कोट्यवधींच्या रस्त्याला जी कसोटी लावली जाते तीच या गाडीला लावायची आणि तीन वर्षे झाल्याशिवाय मत द्यायचे नाही. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचा हिशेब या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना लागू पडतो.

गाडीची बॅटरी तीन युनिट (किलोवॅट-तास) विजेची आहे. जाहिरातीत एका चार्जिंगमध्ये 120 किलोमीटरचा दावा होता. रामबागेतून राऊला आणि परत, म्हणजे रोज सुमारे तीस किलोमीटर, भंवरकुआच्या गर्दीतून चालवताना ती प्रत्यक्षात 90 किलोमीटर चालली आणि आज 82 चालते. चालवायला शांत, उचल उत्तम, आणि ओसरीतल्या सॉकेटवर रात्री लावली की सकाळी तयार. दुसऱ्या पावसाळ्यात मोटर नियंत्रित करणारा कंट्रोलर बिघडला आणि सुटा भाग येईपर्यंत गाडी अकरा दिवस सर्व्हिस सेंटरवर उभी राहिली. त्या अकरा दिवसांच्या रिक्षांनी, तेल न बदलल्यामुळे झालेली बचत खाऊन टाकली, म्हणून सर्व्हिसिंग मी दोन्ही बाजूंनी सोडून दिले आहे.

आता पैशांकडे वळू. रस्त्यावर येईपर्यंत गाडीला 1,28,000 रुपये लागले. त्याच तोडीची पेट्रोल स्कूटर तेव्हा 1,02,000 रुपयांना मिळत होती. पेट्रोल गाडी शहरात लिटरला 42 किलोमीटर देते असे धरले आणि इंदूरचा दर 106 रुपयांच्या आसपास घेतला, तर किलोमीटरमागे अडीच रुपये पडतात. माझ्या गाडीला किलोमीटरमागे 0.04 युनिट लागते, आणि माझ्या बिलातील सर्व आकार धरून युनिट 8 रुपयांना पडते, म्हणजे खर्च 32 पैसे. बचत किलोमीटरमागे 2 रुपये 20 पैसे. वर्षाला 9,000 किलोमीटर फिरल्यास 19,800 रुपये वाचतात, आणि इथेच बहुतेक विक्रेते हिशेब थांबवतात.

पण आज दिलेला रुपया आणि पाच वर्षांनी वाचणारा रुपया यांची किंमत सारखी नसते, त्यासाठी वटाव दर, म्हणजे पुढचे पैसे आजच्या किमतीत आणणारा दर, लागतो. मी बँकेच्या ठेवीचा दर न घेता इंदूर महापालिकेचा घेतला: फेब्रुवारी 2023 मध्ये महापालिकेने जलूद येथील 60 मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी 244 कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे) काढले, त्यांवर 8.25 टक्के व्याज होते. नर्मदेचे पाणी इंदुरात चढवायला जी वीज लागते तिचे बिल कमी करण्यासाठी शहर स्वतः ज्या दराने उसने घेते, तोच दर इंदूरकरांच्या घरगुती गुंतवणुकीला लावणे मला न्याय्य वाटते. या दराने आठ वर्षांच्या बचतीचे आजचे मूल्य सुमारे 1,12,700 रुपये होते. समोर जादा किंमत 26,000 आणि आठव्या वर्षी नवी बॅटरी घ्यावी लागेल असे धरून, 65,000 रुपयांचे आजचे मूल्य सुमारे 34,500. म्हणजे माझ्या पदरात सुमारे 52,000 रुपये निव्वळ उरतात.

हाच हिशेब उलटा केला, तर वर्षाला साधारण 4,800 किलोमीटर, म्हणजे महिन्याचे पंचवीस दिवस धरून दिवसाला सोळा किलोमीटर, ही ना-नफा ना-तोट्याची रेषा निघते. शेजारच्या काकांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अगं, माझं फिरणं राजवाडा आणि फार तर खजराना. सोळा कुठून आणू?” त्यांचे बरोबर होते, त्यांनी जुनी पेट्रोल गाडीच ठेवली.

आता माझ्या खिशाबाहेरचा हिशेब, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 2022 मध्ये विजेच्या वाहनांना प्रोत्साहन देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेत बॅटरीच्या युनिटमागे 15,000 रुपये अनुदान होते, म्हणजे माझ्या गाडीला 45,000. ते जून 2023 मध्ये युनिटमागे 10,000 झाले आणि पुढेही उतरत गेले. अनुदान माझ्या खिशातून गेले नाही म्हणून नाहीसे झाले असे नाही. शिवाय पेट्रोलच्या दरात 40 रुपयांहून अधिक कर असतो, आणि कर हा समाजाच्या एका खिशातून दुसऱ्यात जाणारा पैसा असल्याने समाजाच्या दृष्टीने तो बचत नव्हे. तो वगळला की किलोमीटरमागची बचत 2 रुपये 20 पैशांवरून जेमतेम एक रुपया दहा पैशांची उरते. मग आठ वर्षांची बचत सुमारे 56,000, आणि समोर किमतीतला फरक, अनुदान आणि बॅटरी मिळून एक लाखाहून अधिक खर्च. पेट्रोल गाडीवर तेव्हा 28 टक्के आणि विजेच्या गाडीवर 5 टक्के जीएसटी होता. तो फरक काढला तर ही दरी आणखी वाढते.

ती भरून काढायला हवेची किंमत धरावी लागते. पेट्रोलच्या एका लिटरमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे किलोमीटरला 55 ग्रॅम; आपल्या विजेत कोळशाचा वाटा मोठा असल्याने युनिटमागे सुमारे 0.7 किलो निघतो, म्हणजे 28 ग्रॅम. निम्मी घट होते, शून्य होत नाही. चौकात सिग्नलला नाकाशी धूर येत नाही, हा लाभ मात्र पूर्ण आहे, आणि तो गाडी न घेणाऱ्यालाही मिळतो.

तुलना कशाशी करायची, हाही प्रश्न उरतो. इंदूरच्या देवगुराड्याच्या प्रकल्पात रोज 550 टन ओला कचरा घेऊन बसला इंधन म्हणून चालणारा सुमारे 17,000 किलो गॅस करण्याची क्षमता आहे. मी स्कूटर न घेता त्या गॅसवरच्या बसने राऊला गेले असते, तर पेट्रोलशी केलेली वरची सगळी तुलना निराधार ठरली असती. बस माझ्या वेळेला जुळत नाही, म्हणून ती मी धरली नाही. ज्यांना जुळते त्यांनी आधी बसचाच हिशेब करावा.

रोज वीस किलोमीटरहून अधिक फिरणाऱ्यांना ही गाडी मी सुचवेन, पण बॅटरीच्या हमीची अट लेखी घेऊन आणि सुटे भाग शहरातच मिळतात का हे विचारून. माझी तीन वर्षांची हमी गेल्या महिन्यात संपली. आठ वर्षांच्या गृहीतकातली उरलेली पाच वर्षे आता माझ्या जोखमीवर आहेत.