अठ्ठावन्न ऐकलं तेव्हाच फोन ठेवायला हवा होता

जुनी कॅमेरा लेन्स ऑनलाइन घेताना फसलो, एकूण 29,149 रुपये गेले. लेन्सची ठरलेली किंमत 22,000 होती. म्हणजे न मिळालेल्या वस्तूसाठी मी किमतीपेक्षा 7,149 रुपये जास्त मोजले. घरी अजून 11,000 च सांगितलेत.

मी अडाणी नाही. आईला दर आठवड्याला "कुणालाही ओटीपी सांगू नकोस" म्हणून बजावणारा माणूस मीच. पण किड्यांचे फोटो काढणाऱ्यांना माझी अवस्था कळेल. सहा वर्षं मी 18-55 ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) उलटी लावून काम चालवतोय, तशी लावली की बारीक गोष्ट मोठी दिसते. लेन्स उलटी बसवायला अडीचशे रुपयांची रिव्हर्स रिंग, उजेड मऊ करायला दुधाच्या पिशवीचा डिफ्युझर. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) बदलायचं तर आधी लेन्स सुलटी लावा, डेप्थ ऑफ फील्डचं बटण (ते भोक त्याच मापावर धरणारं) दाबून धरा आणि तशीच काढा. फोकस म्हणजे श्वास रोखून स्वतःच पुढेमागे डुलायचं. फोटो येतात, झकास येतात, पण किडा काचेपासून चार-पाच सेंटिमीटरवर लागतो. नाचण कोळी एखादवेळेस थांबतो, टाचणी (चतुरासारखा बारीक उडता किडा) कशाला थांबेल? 100 मिमीच्या मॅक्रोला (जवळून मोठे फोटो काढायच्या लेन्सला) तेवढाच मोठा फोटो पंधरा-एक सेंटिमीटरवरून मिळतो. वर मिरग आठवड्यावर आलेला. पहिल्या पावसानंतर माळावर ते लाल मखमली किडे निघतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. ते चुकले की थेट पुढच्या वर्षी. हे मी त्या माणसाला स्वतःहून सांगितलं! घाई आहे हे विकणाऱ्याला कधी सांगू नका.

जुन्या कॅमेऱ्यांच्या ग्रुपवर जाहिरात होती: कॅननची 100 मिमी मॅक्रो एफ 2.8 एल (एल म्हणजे कंपनीची महागडी श्रेणी), लाल पट्टीवाली, आयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असलेली. विकणारा फौजी, पुण्यात पोस्टिंग, बदली जम्मूला. हो, फौजी असल्याचं सांगून फसवण्याची तीच नेहमीची गोष्ट. तुम्ही हसाल, मीही दुसऱ्याचं असं वाचून हसलोय. त्याने ओळखपत्र पाठवलं, कँटीन कार्ड पाठवलं, प्रत्येक वाक्याला "जय हिंद सर". खरा जवान अनोळखी माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्र टाकत बसत नाही.

आता तो क्षण. तेवढाच मला रात्री झोपू देत नाही. मी विचारलं, "फिल्टर साइझ काय आहे?" तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "अठ्ठावन्न, सर."

फिल्टर म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायची काच, आणि एल लेन्सचा फिल्टर 67 मिमीचा असतो. 58 चा असतो तो जुन्या, बिनएलच्या 100 मिमीला. हे मला पाठ आहे, दोन पोरांना मीच समजावलंय. आणि ते ऐकून मी काय केलं? खूश झालो. कारण माझ्या किट लेन्सलाही 58 च लागतो, म्हणजे घरातले फिल्टर चालतील, नवे घ्यायला नकोत! चारशे-पाचशे रुपये वाचल्याचा आनंद मला त्या क्षणी झाला होता. परीक्षेत मीच प्रश्न विचारला, समोरच्याने चुकीचं उत्तर दिलं आणि मी त्याला पास केलं.

दुसरी थोबाडीत नंतर बसली. "इसी लेन्स से लिया है" म्हणून त्याने एका उडी मारणाऱ्या कोळ्याचा फोटो पाठवला होता. काळा, केसाळ, जबडे हिरवे चकाकणारे. तो फिडिपस ऑडॅक्स. उत्तर अमेरिकेतला कोळी! फौजी पुण्यात आणि कोळी अमेरिकेत. नमुना म्हणून पाठवलेल्या फोटोची रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल) मागा. आजचा पेपर शेजारी ठेवून, सीरियल नंबर दिसेल असा व्हिडिओ मागा. "ड्यूटीवर मोबाइल चालत नाही" म्हणाला तर विषय तिथेच संपवा, मोबाइलवरूनच तर बोलतोय ना तो.

पैसे असे गेले. बुकिंग 2,000. पार्सलच्या पावतीचा फोटो आल्यावर 9,000. मग पार्सलचा विमा 2,150, "रिफंडेबल". मग "तुमची एंट्री सिस्टिममध्ये अडकली, 4,999 टाका, दोन्ही एकदम परत येतील". मग उरलेले 11,000, कारण म्हणे आर्मीचं पार्सल पूर्ण पैसे भरल्याशिवाय सुटत नाही. सहाव्यांदा जीएसटीचे 7,500 मागितले तेव्हा माझी ट्यूब पेटली. 2,150 नंतर थांबलो असतो तर 13,150 वर निभावलं असतं, पण अडकलेले सोडवायला आणखी टाकत गेलो. रिफंडेबल हा शब्द आला की फोन बंद.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला लगेच फोन लावला. लगेच म्हणजे तासाभराने, आधी तासभर मी त्या हरामखोरालाच फोन करत बसलो होतो. तुम्ही तो तास घालवू नका. लाइन व्यस्त, व्यस्त, चाळीस मिनिटांनी लागली. तक्रार क्रमांक मिळाला. बँकेत गेलो तर "पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्याच संमतीचा, आम्ही काय करणार?" पोलीस ठाण्यात त्याहून मजा. हवालदार म्हणाले, "एवढ्या पैशाची काच? कशाला?" मी सांगितलं, किड्यांचे फोटो काढायला. त्यांनी शेजारच्याला हाक मारून मला पुन्हा सांगायला लावलं. "मोबाइलवर येत नाहीत का किडे?" शेवटी म्हणाले, आरोपी परराज्यातला दिसतोय, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. परत ठाणे. साहेब बंदोबस्ताला. गुन्हा कुठेही घडला असला तरी तक्रार नोंदवून घ्यायची, असं फौजदारी कारवाईच्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलंय. मी तो कागद छापून नेला होता. "वकील आहात का?" एवढंच ऐकायला मिळालं. आमच्याच खिशातले गेले आणि आम्हीच उभे, ते बसलेले. चार फेऱ्यांत 640 रुपये एसटी आणि रिक्षाला गेले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

आणि लाजेपोटी चॅट पुसू नका. मी अर्धं पुसलं होतं, त्यातच पावतीचा फोटो गेला.

मिरगाचे किडे आले, मी त्याच उलट्या लेन्सने पोटावर पडून काढले. एक बरा आलाय, मखमलीचा एकेक केस दिसतो. दाखवायची इच्छा नाही.

परवा ठाण्यातून फोन आला. त्या खात्यात 1,312 रुपये गोठवलेत, हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा. आणणार नसाल तर तसं लिहून द्या, म्हणजे फाइल बंद करता येईल. मी म्हटलं, लिहून देणार नाही. पलीकडून विचारलं, "ते किड्यांवालेच ना तुम्ही?"