एएफएल ड्राफ्ट लाइव्ह: फादर-सन बिडसाठी तरी बघाच (४ स्टार)

मेलबर्नमध्ये नवीन आलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय, कारण नोव्हेंबर आला की इकडे ऑफिसात ज्याच्या त्याच्या तोंडी एएफएलचा (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी नवीन खेळाडू निवडायचा कार्यक्रम असतो आणि आपल्याला वाटतं आयपीएल ऑक्शनसारखंच काहीतरी असणार. तसं अजिबात नाहीये. इथे पैशाची बोली नसते, नंबर असतात. जी टीम सीझनमध्ये तळाला राहिली तिला पहिला पिक (खेळाडू निवडायचा नंबर), कप जिंकलेली सगळ्यात मागे, १८ टीम आहेत सध्या.

आता खरी मजा. बापाने एखाद्या क्लबकडून १०० सिनियर मॅच खेळल्या असतील तर मुलाला घ्यायचा पहिला हक्क त्या क्लबचा. आयपीएलमध्ये हे नाही. अर्जुन तेंडुलकरला २०२१ च्या ऑक्शनमध्ये मुंबईने घेतलं तेही बेस प्राइसला, २० लाखांना, पण रीतसर बोली लावूनच, सचिन मुंबईचा म्हणून काही वेगळा हक्क नव्हता. इथे हक्क आहे पण फुकट नाही, आणि त्यासाठीच हा प्रोग्राम लाइव्ह बघायचा.

होतं काय, दुसरीच टीम आपल्या नंबरवर त्या पोराचं नाव घेते. याला बिड म्हणतात. मग बापाच्या क्लबला विचारतात, मॅच करणार का? आयपीएलचं आरटीएम (राइट टू मॅच) कार्ड माहितीये ना, साधारण तसंच, फक्त किंमत पॉइंट्समध्ये, प्रत्येक पिकचे पॉइंट्स ठरलेले असतात. २०२१ ला गोल्ड कोस्टने चौथ्या पिकला निक डेकॉसचं नाव घेतलं. वडील पीटर डेकॉस, कॉलिंगवूडकडून २५० मॅच, ५४९ गोल. चौथ्या पिकची किंमत २०३४ पॉइंट्स, फादर-सन म्हणून २० टक्के सूट, म्हणजे भरायचे साधारण १६२७, आणि ते कॉलिंगवूडने मागच्या नंबरांचे पिक एकत्र करून भरले. दोनच वर्षांनी निक आणि त्याचा मोठा भाऊ जॉश, दोघं एकत्र कप जिंकले, फायनलमध्ये ब्रिस्बेनला मॅचच्या स्कोअरमध्ये ४ पॉइंट्सनी हरवून. त्याच ड्राफ्टमध्ये सॅम डार्सीवर दुसऱ्याच पिकला बिड आली होती, ती बुलडॉग्जनी मॅच केली.

पूर्वी तर फारच स्वस्तात मिळायचे. जीलाँगला टॉम हॉकिन्स २००६ ला ४१ व्या पिकला मिळाला, त्याआधी गॅरी अ‍ॅब्लेट ज्युनियर ४० व्या. ओरडा झाला आणि २००७ पासून ही बिडची पद्धत आली, ते बरंच झालं.

एक स्टार का कापला? त्या पॉइंट्सवरच्या डिस्काउंटसाठी. २०२४ ला ब्रिस्बेन सप्टेंबरमध्ये कप जिंकलं आणि नोव्हेंबरमध्ये लीव्हाय अ‍ॅशक्रॉफ्टला पाचव्या पिकला घेऊन गेलं, मेलबर्नची बिड मॅच करून. त्याचा भाऊ विल आधीच टीममध्ये, फायनलचा बेस्ट प्लेयर तोच, वडील मार्कस ३१८ मॅच खेळलेले. घरचा मुलगा घरच्या क्लबला मिळावा हे मला मनापासून पटतं, स्टँडमध्ये ज्यांनी बापाला बघितलं तेच लोक मुलासाठी ओरडतात हे दुसऱ्या कुठल्या लीगमध्ये सहज बघायला मिळत नाही, पण मग पूर्ण किंमत भरा ना. चॅम्पियन टीमला डिस्काउंट कशाला? तळाच्या टीमचे सपोर्टर वर्षभर मार खातात, त्यांनी काय करायचं? २०२५ पासून सूट १० टक्क्यांवर आणलीये, माझ्या मते तीही काढून टाकावी.

बघायचं असेल तर पहिली रात्रच बघा, मोठ्या बिड पहिल्या राउंडमध्येच येतात. दुसरा दिवस स्वतःच्या क्लबपुरता. आणि आधी त्या वर्षीचे फादर-सन पोरं कोण आणि कुठल्या क्लबचे एवढं वाचून ठेवा, नाहीतर सगळे एकदम टाळ्या का वाजवतायत ते कळणार नाही.