फ्री डिश, सशुल्क डीटीएच की टीव्हीतलाच ट्यूनर : कोल्हापुरातल्या घरासाठी तुलना

नवा टीव्ही घरात आला की पहिला प्रश्न असतो तो कोणती डिश बसवायची हा. माझ्या मते टीव्ही भिंतीवर चढवण्याआधी त्याची मागची बाजू नीट पाहून घ्यावी, कारण कोणता बॉक्स घ्यायचा याचा निम्मा निर्णय तिथल्या सॉकेटवरच ठरतो आणि एकदा टीव्ही भिंतीला लागला की तिथे हातही पोहोचत नाही.

अलीकडच्या अनेक टीव्हींमध्ये उपग्रह ट्यूनर, म्हणजे छत्रीकडून आलेल्या लहरींतून वाहिन्या वेचणारा भाग, आतच असतो. मागे एचडीएमआयच्या शेजारी आटे असलेले गोल सॉकेट दिसले आणि मेनूमध्ये ‘सॅटेलाइट’ हा पर्याय मिळाला, तर गच्चीवरच्या छत्रीची केबल थेट टीव्हीत लावता येते. डीडी फ्री डिश या प्रसारभारतीच्या मोफत सेवेतल्या ज्या वाहिन्या कूटबद्ध (कुलूपबंद) नाहीत, त्या अशा टीव्हीवर बॉक्सशिवाय दिसतात. रिमोट एकच राहतो, दरमहाचे रिचार्ज लागत नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सह्याद्री लावायला कुणाला हाक मारावी लागत नाही. अडचण एवढीच, की प्रसारभारती फ्री डिशवरील जागांचा लिलाव करत असल्याने वाहिन्या येतात-जातात आणि त्या वेळी पुन्हा स्कॅन करावे लागते.

टीव्हीत ट्यूनर नसेल तर फ्री डिशचा सुटा बॉक्स घ्यावा लागतो, मात्र तो एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चा आहे ना हे विचारूनच घ्यावा. जुना एमपीईजी-२ बॉक्स अजून चालतो, पण एमपीईजी-४ मध्ये येणाऱ्या वाहिन्या त्यावर उमटत नाहीत आणि मग दोष छत्रीला दिला जातो.

सशुल्क सेवेत वाहिन्यांची निवड मोठी आणि एचडी चित्र अधिक नेटके असते, परंतु प्रत्येक कंपनीची कूटप्रणाली वेगळी असल्याने एकीचा बॉक्स दुसरीकडे निरुपयोगी ठरतो. बॉक्स आंतरवापरक्षम, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या सेवेवर चालणारे, असावेत अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती, तरीही आज खरेदी करणाऱ्याने कंपनी बदलल्यास बॉक्सही बदलेल असेच धरून चालावे. छत्रीचे तोंडही फिरवावे लागते. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, टाटा प्लेचा ८३ अंशांवर आणि एअरटेलचा १०८.२ अंशांवर. कोल्हापुरातून पाहिले तर हे तिन्ही आग्नेयेच्या बाजूला, क्षितिजापासून अनुक्रमे सुमारे ६०, ६८ आणि ४७ अंश उंचीवर येतात. म्हणून शिवाजी पेठेसारख्या दाट वस्तीत पूर्वेला शेजाऱ्याची चार मजली इमारत असेल, तर १०८.२ अंशांची सेवा घेण्यापूर्वी गच्चीवर उभे राहून आकाश मोकळे आहे की नाही हे पाहावेच. उपग्रह जितका खाली, तितका लहरींचा पावसातून जाणारा मार्ग लांब, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या मुसळधार सरींत ही सेवा थोडी आधी अडखळू शकते. तसे पाहता तिन्ही सेवा केयू बँड या पावसात क्षीण होणाऱ्या लहरींवरच असल्याने जोराच्या पावसात पूर्ण निर्धास्त कोणतीच नाही.

जोडणीत सर्वात जास्त चुका होतात त्या जुन्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या बाबतीत. मंगळवार पेठेत आईकडे फ्री डिशचा बॉक्स लावताना मी हा ताप स्वतः भोगला. टीव्हीला तीन सॉकेटांऐवजी हेडफोनसारखे एकच छिद्र होते, म्हणून एका दुकानातून एक अडॅप्टर आणला, तर पडदा काळा आणि स्पीकरमधून नुसती घरघर. दुकानदाराने टीव्हीचाच बिघाड सांगितला. शेवटी पिवळी पिन अडॅप्टरच्या लाल तोंडात घातल्यावर चित्र आले, कारण अशा लहान जॅकमधल्या तारांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. टीव्हीसोबत आलेला अडॅप्टर म्हणूनच जपून ठेवावा. एचडीएमआय असेल तर एचडी बॉक्ससाठी दुसरा विचारच नको, कारण पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जात नाही. जुना संगणकाचा मॉनिटर टीव्ही म्हणून वापरणाऱ्यांनी मात्र त्यात एचडीसीपी (नक्कल रोखणारी सुरक्षा) आहे का ते पाहावे, अन्यथा सशुल्क बॉक्स लावूनही पडदा रिकामा राहतो.

होम थिएटर असेल तर ट्यूनरवाला टीव्ही मला अधिक सोयीचा वाटतो, कारण एआरसी (एचडीएमआयमधूनच आवाज बाहेर नेण्याची सोय) किंवा ऑप्टिकल केबलने टीव्हीचा सगळा आवाज एकाच वाटेने बाहेर नेता येतो. सशुल्क एचडी बॉक्स असल्यास जुना ॲम्प्लिफायर डॉल्बी डिजिटल प्लस हा आवाजाचा प्रकार ओळखत नसेल तर आवाज येत नाही. तेव्हा बॉक्सच्या सेटिंगमध्ये पीसीएम (साधा डिजिटल आवाज) निवडावे.

दोन खोल्यांत दोन टीव्ही लावायचे असतील तर साधा स्प्लिटर घेऊ नये. एलएनबीला, म्हणजे छत्रीच्या तोंडाशी बसवलेल्या लहरी पकडणाऱ्या भागाला, १३ आणि १८ व्होल्ट देऊन रिसीव्हर उभे किंवा आडवे ध्रुवीकरण (लहरींची कंपनाची दिशा) निवडतो, त्यामुळे एकाच तारेवर दोन रिसीव्हर आले की एकाच्या काही वाहिन्या गायब होतात. दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र आरजी-६ (डिशसाठीची गोल जाड केबल) केबल घ्याव्यात. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत सॉकेटपर्यंत न येता वळशाच्या टोकाशीच गळून पडते.