सतरा वेळा रीस्टार्ट झालेला कॉम्प्युटर आणि सांगलीच्या विश्रामबागेतलं हे दुकान

जरा सविस्तर लिहितेय. माझ्यासारखं घरून हिशेबाचं काम करणारं कुणी ना कुणी सध्या याच अडचणीत असणार, त्यांना उपयोग व्हावा.

मी हळद आणि बेदाण्याच्या सहा अडत्यांची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीची कामं बघते. कॉम्प्युटर २०१८ सालचा, इंटेलच्या आठव्या जनरेशनचा. आधी चार वर्षं तो मार्केट यार्डात एका शेठजींच्या अडतीवर होता, मग माझ्याकडे आला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहा जणांचे पासवर्ड आणि बँकेची स्टेटमेंट्स ज्या मशीनवर आहेत ते तसंच वापरत राहणं मला पटेना. मशीन विंडोज ११ साठी चालतंय असं दाखवत होतं, म्हणून नोव्हेंबरात घरीच अपग्रेड केलं.

तिसऱ्या दिवसापासून तो आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. कधी सकाळी उठून बघावं तर रात्री चालू ठेवलेली टॅली बंद आणि समोर पासवर्डचा पडदा. कधी बिलं टाकता टाकता. कधी नुसता चालू असतानाच काळा. मी एका वहीत तारीख, वेळ आणि त्या वेळी काय करत होते ते लिहून ठेवायला लागले. एकोणीस दिवसांत सतरा नोंदी झाल्या.

पुण्याच्या भाच्याने फोनवर सांगितलं, मावशी, सेटिंग्जमध्ये रिकव्हरीत जाऊन परत जुन्या विंडोजवर जा. तोवर उशीर झाला होता. परत जायची सोय दहा दिवसांपुरतीच असते, नंतर जुन्या विंडोजच्या फाइली काढून टाकल्या जातात. मग शहरातल्याच एका दुकानात नेला. त्यांनी दहा मिनिटांत मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं, नवा साडेनऊ हजारांचा. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. मी मशीन उचलून घरी आणलं.

या दुकानाचं नाव एका अडत्याच्या मुनीमजींनी सुचवलं. विश्रामबाग चौकातून शंभर फुटी रस्त्याकडे जाताना पहिल्या मजल्यावर आहे. चादरीत गुंडाळून रिक्षाने नेला आणि जिना चढताना खरंच दम लागला. लिफ्ट नाही, खाली गाडी लावायला जागा नाही. ज्यांना कॅबिनेट उचलवत नाही त्यांनी खालूनच फोन करावा, पोरगा येऊन घेऊन जातो. हे मला नंतर कळलं.

दुकानातल्या दादांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच होता. "ताई, बंद पडतो तेव्हा निळा किंवा काळा पडदा, त्यावर काही अक्षरं, असं दिसतं का? की एकदम प्लग उपटल्यासारखं होतं?" मला नक्की सांगता येईना, कारण माझी नजर बिलावर असते. वर बघेपर्यंत लोगो आलेला असतो. मी वही पुढे केली. ती बघून त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि मला शेजारी बसवलं.

पुढचा पाऊण तास त्यांनी जे केलं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. आधी टॅलीचा सगळा डेटा पेनड्राइव्हवर घेतला आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून मला दाखवला. मगच पुढे हात लावला. नंतर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं, तर दिवसवार एक आलेख उघडला, लाल फुल्या असलेला. माझ्या वहीतल्या तारखा आणि त्या फुल्या जुळत होत्या. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीमच्या नोंदी काढल्या; त्यात प्रत्येक घटनेला तिच्या प्रकाराचा एक क्रमांक असतो. दादा एकेक वेळ वाचायचे, मी वहीत बोट ठेवून सांगायचे आणि पोरगा पेन्सिलीने समोर क्रमांक लिहायचा.

सतरापैकी तीन नोंदींसमोर १०७४ आला. तो क्रमांक असला की रीस्टार्ट रीतसर, कुणीतरी सांगून झालेला असतो. इथे तो विंडोज अपडेटने केला होता, तिन्ही वेळा रात्री. बाकी चौदा ठिकाणी ४१ होता. ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण त्यात नसतं, पण आत बगचेक कोड नावाचा एक आकडा असतो. सहा ठिकाणी तो भरलेला होता, आठ ठिकाणी शून्य. "आकडा असेल तर विंडोजला मरायच्या आधी काहीतरी लिहून ठेवायला वेळ मिळालाय. शून्य असेल तर बहुतेक करून वीजच तुटलीय किंवा मशीन पार गोठलंय," असं ते म्हणाले. मी तीन आठवडे ज्याला एक दुखणं समजत होते, ती तीन होती.

पहिलं तिथल्या तिथे मिटलं. अपडेटच्या सेटिंगमध्ये 'अॅक्टिव्ह अवर्स' असतात, म्हणजे या वेळेत स्वतःहून रीस्टार्ट करू नको असं सांगायचं. जास्तीत जास्त अठरा तास देता येतात. माझे सकाळी सहा ते रात्री बारा लावून दिले. जीएसटीची रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा, म्हणजे जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २०, त्या आठवड्यात अपडेट थांबवून ठेवायचं आणि काम झालं की लगेच पुन्हा चालू करायचं, हेही बजावलं. अपडेट कायमची बंद करून द्या म्हणाले असते तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्यासाठी त्यांनी सिस्टीमच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमधली 'आपोआप रीस्टार्ट करा' ही टिक काढली. आता बिघडलं की पडदा तसाच थांबणार होता. "आला की मोबाइलवर फोटो काढा आणि मला पाठवा." मशीन घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी जीएसटी पोर्टलवर फाइल चढवताना पडदा आला. फोटो पाठवला. खाली कुठली फाइल बिघडली तिचं नाव होतं आणि ती निघाली माझ्या यूएसबी वायफायच्या डाँगलची. पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेला, बोटाच्या पेराएवढा. त्याचा जुना ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा छोटा प्रोग्राम, अपग्रेडमध्ये तसाच नव्या विंडोजमध्ये आला होता. नव्याने वहीत बघितलं, तर त्या सहाही नोंदींसमोर मीच लिहिलं होतं: 'रिटर्न भरताना', 'बँकेची फाइल उतरवताना'. ड्रायव्हर काढला, डाँगल काढला आणि पोराने घरी येऊन राउटरपासून पंधरा मीटर केबल टाकून दिली. केबल भिंतीच्या कडेने सरळ ओढलीय, दाराच्या चौकटीवरून, कुठे लोंबत नाही.

तिसरं दुखणं खरं चिवट. यूपीएस बाजूला ठेवून बघितला, तरी तेच. रात्रभर रॅम तपासली, ती ठीक. मी विचारलं, बायोस (मदरबोर्डमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट करून बघायचं का, नेटवर सगळे तेच सांगतात. त्यांनी साफ नाही म्हटलं. बायोस चढत असताना मध्येच मशीन बंद पडलं तर चांगला मदरबोर्ड कामातून जाईल, आधी वीज नीट करू. मग कॅबिनेट उघडलं. दुकानात हळदीचा वास पसरला! पंख्याच्या पात्यांवर आणि एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीवर पिवळी पूड बसली होती, ओलसर धुळीत मिसळून मेणासारखी घट्ट झालेली. अडतीवरची चार वर्षं सगळी तिथे होती. ब्रशने आणि ब्लोअरने साफ केलं, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली.

त्यानंतर त्यांनी लगेच नवा एसएमपीएस विकला नाही. दुकानातला स्वतःचा लावून दिला आणि म्हणाले, "चार दिवस वापरा. बंद पडला नाही तरच पैसे." चार दिवस मशीन एकदाही बंद पडलं नाही. पाचव्या दिवशी माझा जुना त्यांनी बाकावर उघडून दाखवला. आतल्या दोन कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांची) डोकी सपाट असायची ती पापडासारखी फुगून वर आली होती, एकाच्या बुडाशी तपकिरी डाग होता. हे घरी कुणी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

"हा अपग्रेडमुळे गेला का?" या प्रश्नावर त्यांनी सरळ सांगितलं की नाही, हा आधीच गेला होता, योगायोगाने तेव्हाच दिसला. अपग्रेडनंतर काही दिवस मशीन मागे बरंच काम करत असतं, तो भार त्याला पेलला नसेल एवढंच. मलाही मग आठवलं, ऑक्टोबरात दोनदा मशीन बंद पडलं होतं आणि मी लाइट गेली असेल म्हणून सोडून दिलं होतं.

शेवटी विंडोजच्या फाइली तपासणारी कमांड चालवली. वारंवार एकदम बंद पडल्याने काही फाइली खराब झाल्या होत्या, त्या दुरुस्त झाल्या. वीज नीट झाल्यावरच ती चालवायची, असा त्यांचा क्रम होता आणि तो मला पटला.

पैसे: तपासणी ३००, ४५० वॅटचा एसएमपीएस २,१००, केबल आणि जोडणी ४५०. एकूण २,८५०. न मागता जीएसटीचं बिल दिलं आणि त्यावर एसएमपीएसचा सिरीयल नंबर लिहिला.

एक तारा कापतेय, त्याची कारणं. दुपारी एक ते चार फोन कुणीच उचलत नाही, पाटीवर तशी वेळ लिहिलेली नाही. बुधवारी देतो म्हणालेलं मशीन शुक्रवारी मिळालं आणि ते मला विचारावं लागलं, त्यांनी कळवलं नाही. अकरा तारीख जवळ असताना ते दोन दिवस मी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर काढले. दादा, एवढं काम जीव लावून करता, तर उशीर होणार असेल तेव्हा एक मेसेज टाकत जा.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, आणि मशीन कधी बंद पडलं, त्या वेळी काय करत होता, ते कागदावर लिहून न्या. डाँगल, यूपीएस, जे जे जोडलेलं असतं ते सगळं सोबत न्या. मी पहिल्या दिवशी नुसतं कॅबिनेट नेलं, नाहीतर डाँगलचा शोध एक दिवस आधी लागला असता.