कोचिंगचा व्यवसाय शिकवणारा अभ्यासक्रम : एक लाख तीनशे रुपयांचा हिशेब

मी प्रोफेशनल कोच आहे असे सांगितले की आमच्या सोसायटीतले लोक अजूनही "कितवीपर्यंतचे क्लास घेता?" असेच विचारतात. त्यात त्यांची काही चूक नाही, कारण आपल्याकडे कोचिंग म्हणजे दहावी-बारावीचा क्लास हाच अर्थ रुळलेला आहे. चाकणच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात एकोणीस वर्षे काढल्यावर २०२१ मध्ये मी व्यवस्थापकांसाठी आणि लहान उद्योजकांसाठी कोचिंग, म्हणजे त्यांच्या कामातल्या प्रश्नांवर एकास एक संवादाची सत्रे घेणे, सुरू केले. त्याआधी रीतसर प्रशिक्षण घेतले होते आणि पुढे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचे, म्हणजे आयसीएफचे, एसीसी हे पहिल्या पायरीचे मानांकनही मिळवले. काम जमत होते. व्यवसाय मात्र जमत नव्हता. म्हणून गेल्या वर्षी 'कोचिंगचा यशस्वी व्यवसाय उभारा' असे सांगणाऱ्या एका सहा महिन्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातले. शुल्क पंच्याऐंशी हजार, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,००,३०० रुपये. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण याच साच्याचे अनेक अभ्यासक्रम सध्या विकले जात आहेत आणि माझे म्हणणे त्या साच्याविषयी आहे.

सुरुवातीचे दोन महिने निराशाजनक होते. मोफत वेबिनार घ्यायचा, त्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत आपला 'प्रोग्रॅम' विकायचा, आज रात्री बारापर्यंतच सवलत आहे असे सांगायचे आणि जे घेणार नाहीत त्यांना व्हॉट्सॲपवर सात दिवस सात निरोप पाठवायचे, हा त्या दोन महिन्यांचा गाभा. मी स्वतः अशाच एका वेबिनारमधून, अशाच एका रात्री पावणेबारा वाजता पैसे भरले होते, हे कबूल करायला हवे. त्यामुळे ही पद्धत चालत नाही असे मी म्हणणार नाही. पण ती जिथे चालते ते काम वेगळे असते. शंभर अनोळखी माणसांना रेकॉर्ड केलेला कोर्स विकणे आणि एका कारखान्याच्या संचालकाने आपल्या उत्पादनप्रमुखाला सहा महिने एका परक्या माणसापुढे मन मोकळे करायला पाठवणे, या दोन गोष्टींना एकच दुकान पुरत नाही. माझी आजवरची बहुतेक कामे जुन्या सहकाऱ्यांकडून किंवा आधीच्या क्लायंटने कुणाजवळ तरी काढलेल्या शब्दामुळे आली आहेत. अभ्यासक्रमात ओळखीतून येणाऱ्या कामाला एकूण मिळून अर्धा तास होता.

त्याहून खटकलेली गोष्ट नीतीची आहे. क्लायंटच्या 'यशोगाथा' त्यांच्या नावानिशी लिंक्डइनवर टाका, जमल्यास आधीचा आणि नंतरचा पगारही लिहा, असा सल्ला आम्हाला देण्यात आला. आयसीएफच्या आचारसंहितेत गोपनीयता ही मूलभूत जबाबदारी मानली आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी, नाशिकमधल्या एखाद्या कंपनीतल्या व्यवस्थापकाने आपण कोचकडे जातो हे घरीसुद्धा सांगितलेले नसते. त्याचे नाव टाकून मला दहा चौकश्या मिळतील आणि तो एक माणूस कायमचा जाईल. वर्गात हा प्रश्न विचारला तेव्हा "संमती घ्या की!" एवढेच उत्तर मिळाले. पण ज्याचे शुल्क त्याची कंपनी भरते आहे, त्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, यावर चर्चा झाली नाही.

असे असूनही मी अभ्यासक्रम मध्येच सोडला नाही, याचे कारण तिसरा महिना. त्या महिन्यात दरनिश्चिती आणि करार हे दोनच विषय होते, शिकवणाऱ्या बाई वेगळ्या होत्या आणि त्यांनी स्वतः मोठ्या कंपन्यांबरोबर काम केले असल्याचे पहिल्या दहा मिनिटांतच कळत होते. त्यांनी आम्हा प्रत्येकाकडून एका पूर्ण झालेल्या कामाचा तासांचा हिशेब मांडून घेतला. माझे काम बारा सत्रांचे होते, दर सत्राला पंधराशे रुपये, म्हणजे एकूण अठरा हजार. सत्रांचे तास बारा. प्रत्येक सत्राची तयारी आणि टिपणे मिळून अर्धा तास, म्हणजे सहा. क्लायंट, त्याचा वरिष्ठ आणि मी अशा तिघांच्या तीन बैठका व त्यांची पूर्वतयारी चार तास. प्रस्ताव, बिल आणि पैशांसाठी केलेले फोन आणखी चार. बारा तासांचे म्हणून विकलेले काम सव्वीस तासांचे निघाले आणि ताशी मिळकत सातशे रुपयांच्याही खाली आली. हा आकडा वहीत लिहिलेला पाहून मी काही वेळ गप्पच बसले होते. आता मी सत्राचा दर सांगतच नाही. सहा महिन्यांच्या संपूर्ण कामाची एकच रक्कम सांगते, आणि सध्या ती साठ हजार आहे. पहिल्यांदा हा आकडा उच्चारताना माझा आवाज कापला, पण समोरच्या संचालकांनी घासाघीस न करता फक्त "दोन हप्त्यांत दिले तर चालेल का?" एवढेच विचारले.

कराराचा भागही तितकाच कामाचा होता. कंपनीला काय कळवायचे आणि काय मुळीच कळवायचे नाही, क्लायंटने आयत्या वेळी सत्र रद्द केले तर ते मोजायचे की नाही, क्लायंटने मध्येच नोकरी सोडली तर उरलेल्या रकमेचे काय, आणि बोलता बोलता प्रश्न नैराश्याचा आहे असे दिसले तर त्याला समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचे, हे सगळे त्यांनी कलमवार लिहून घेतले. भारतात कुणीही स्वतःला कोच म्हणवून घेऊ शकतो, त्यासाठी परवाना लागत नाही; अशा मोकाट क्षेत्रात दोन पानांचा नीट लिहिलेला करार हाच दोन्ही बाजूंचा आधार असतो.

पैशांच्या बाबतीत मात्र एक मोठी उणीव राहिली. कंपन्या व्यावसायिक शुल्कातून दहा टक्के टीडीएस कापतात आणि उरलेली रक्कम देण्यासाठी तीन-तीन महिने लावतात, हा आमच्यापैकी अनेकांचा अनुभव होता. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, केलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा व्यावसायिकाचे पैसे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार, लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, ही माहिती मला अभ्यासक्रमाने नव्हे, माझ्या सीएंनी दिली. नोंदणीला एक रुपयाही लागला नाही. आता बिलावर उद्यम क्रमांक छापते, आणि नुसत्या त्या ओळीनेसुद्धा लेखा विभागाची भाषा बरीच मऊ होते.

दुसरी उणीव मानांकनाच्या पुढच्या पायरीविषयी. एसीसीसाठी कोचिंगचे १०० तास लागतात, त्यापुढच्या पीसीसीसाठी ५००, आणि त्यांतले ४५० मोबदला घेऊन केलेले असावे लागतात; त्याच्याही वरच्या एमसीसीला तर एकूण २,५०० तास. म्हणजे आमच्या क्षेत्रात व्यवसाय वाढला नाही तर पात्रताही वाढत नाही. हा दुवा अभ्यासक्रमाने कधी जोडलाच नाही. उलट शेवटी संस्थेचे स्वतःचे 'सर्टिफाइड' असे लिहिलेले रंगीत प्रमाणपत्र दिले, ज्याचा आयसीएफशी काही संबंध नव्हता. आमच्या गटातल्या दोघीतिघींचा समज मात्र तसा झाला होता आणि तो दूर करण्याची घाई कुणाला नव्हती.

भाषेचा मुद्दा मला शेवटपर्यंत टोचत राहिला. सगळे नमुने, ईमेल आणि पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न इंग्रजीत होते, आणि त्यांचे मराठी करून पाहिले तर माणूस हसतो. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीच्या मालकांना मी त्यातला ठरीव प्रश्न विचारला, की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता. ते म्हणाले, "मॅडम, इथंच. पण पोरगं खुर्चीत बसलेलं पाहिजे आणि मी बाजूला." खरे काम तिथे सुरू झाले, कारण बापलेकांतला तो कारभार कुणी कधी सोडायचा हाच त्यांचा प्रश्न होता. सांगली, इचलकरंजी, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी दुसऱ्या पिढीच्या हाती जाणारे असे शेकडो कारखाने आहेत, त्यांच्या मालकांना मराठीतच बोलायचे असते, आणि त्यांच्यापर्यंत कसे पोहोचायचे याबद्दल त्या सहा महिन्यांत अवाक्षरही नव्हते. मी ज्या दोन औद्योगिक संघटनांच्या बैठकांना नंतर जाऊ लागले, तिथून वर्षभरात तीन कामे आली.

वेबिनार करून कोर्स विकायचा असेल तर हा अभ्यासक्रम पैसे वसूल करून देईल. कंपन्यांबरोबर किंवा कुटुंबाच्या उद्योगांबरोबर एकास एक काम करायचे असेल, तर प्रवेश घेण्याआधी दर आणि करार हा भाग वेगळा मिळतो का ते विचारावे, आणि कोण शिकवणार आहे हेही लेखी मागावे. मी असे विचारले असते तर वीस-पंचवीस हजारांत भागले असते. परताव्याची अट पहिल्या सात दिवसांपुरतीच आहे आणि त्या सात दिवसांत एकच वर्ग होतो, तोही ओळखपरेडीचा, हेसुद्धा लक्षात ठेवावे. रेकॉर्डिंग वर्षभर पाहता येतात. तिसऱ्या महिन्याची मी दोनदा पाहिली. बाकीची उघडलेली नाहीत, आणि मुदत संपायला आता पाच आठवडे उरले आहेत.