बीए राज्यशास्त्र, पाचव्या सेमिस्टरपर्यंत वापरून

सिलॅबस काय, क्रेडिट किती हे सगळ्यांना माहितीये, ते परत लिहीत बसत नाही. लिहायला बसले कारण काल गाईडवरून डोकं फिरलं. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून मराठी माध्यमाचं गाईड घेतलं, वर मोठ्या अक्षरात 'सुधारित आवृत्ती', 220 रुपये, आणि कमी करा म्हटलं तर काका म्हणाले परीक्षेच्या तोंडावर कोण कमी करतं. घरी येऊन पक्षांतरबंदीचं प्रकरण उघडलं तर त्यात लिहिलंय की एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती फूट, त्यांना अपात्र ठरवता येत नाही. अहो ती तरतूदच 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने उडवली! आता फूट नाहीच, फक्त विलीनीकरण, त्यालाही दोन तृतीयांश लागतात.

आणि हे महाराष्ट्रातल्या पोरांना विकताय? 2022 ला शिवसेना फुटली, 2023 ला राष्ट्रवादी, मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांवर सोडला आणि जानेवारी 2024 मध्ये अध्यक्षांनी दोन्हीकडच्या एकालाही अपात्र केलं नाही. टपरीवर चहा पिणारी माणसं व्हिप, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश, कोणाचा यावर भांडत होती. गाईडमध्ये उदाहरण कुठलं, तर हरियाणाचं आयाराम गयाराम, 1967. उदाहरण चूक नाही, पण पुढचं काही घडलंच नाही असं दाखवलंय. परत द्यायला गेले तर "मॅडम, सगळी मुलं हेच नेतात आणि पास होतात." पास होतात हे खरंय, तेच जास्त लागलं.

आता विषयाबद्दल. पहिल्या वर्षी विचारलं असतं तर पाचात दोन स्टार दिले असते. हॉब्ज, लॉक, रूसो, तिघांचा सामाजिक करार, मग साम्य आणि फरक, आणि प्रत्येक उत्तराची सुरुवात 'गार्नर यांच्या मते'. आमचं मत कोणी विचारत नाही. संदर्भग्रंथांच्या यादीतली निम्मी पुस्तकं इंग्रजीत, मराठी माध्यमवाल्यांनी काय करायचं हा प्रश्न अजून तसाच आहे, म्हणूनच तर गाईडवाल्यांचं फावतं.

पण स्थानिक शासनाच्या पेपरने मत बदललं. 74 वी घटनादुरुस्ती मला पाठ होती, महापालिकेची मुदत पाच वर्षं, मुदत संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे वगैरे. आणि इथे पुणे महापालिकेत मार्च 2022 पासून निवडणूकच नाही, जवळपास चार वर्षं प्रशासक! एरवी आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, मग ते मुख्य सभेत जातं, नगरसेवक भांडतात. या काळात बनवणारेही आयुक्त आणि प्रशासक म्हणून मंजूर करणारेही तेच. मॅडमनी प्रोजेक्टसाठी क्षेत्रीय कार्यालयात पाठवलं, ड्रेनेजची तक्रार कोणाकडे जाते एवढंच शोधायचं होतं, तर तिथले एक काका म्हणाले पूर्वी नगरसेवक येऊन डोकं खायचे, आता शांतता आहे. ही शांतता पुस्तकात कुठे सापडणार? तिथून मला हा विषय आवडायला लागला, खोटं कशाला बोलू. जानेवारी 2026 ला एकदाचं मतदान झालं तेव्हा आजीला केंद्रावर जायच्या आधी समजावलं की प्रभाग चार सदस्यांचा आहे, चार वेळा मत द्यायचं. ती म्हणाली, मग काम झालं नाही तर चौघांतला धरायचा कोणाला? यावर दहा मार्कांचं उत्तर होईल.

सध्या चार स्टार, एक गाईडचा कापला (त्यात विषयाचा दोष नाही, पण 220 रुपये गेलेत माझे). नोकरीचं विचारू नका, आत्या विचारते तेवढं पुरे. एमपीएससीसाठी म्हणून घेत असाल तर राज्यसेवेची मुख्य 2025 पासून वर्णनात्मक झालीये, इथली पानंच्या पानं लिहायची सवय तिथे कामाला येईल. फक्त घटना गाईडमधून करू नका, शासनाने काढलेलं मराठी 'भारताचे संविधान' घ्या, आणि पैसे द्यायच्या आधी आत कधीपर्यंतच्या दुरुस्त्या आहेत ते उघडून बघा, कारण त्याचीही जुनी प्रत बिनधास्त गळ्यात मारतात.