१०जी कार्ड घेताय? आधी टेप घेऊन अंतर मोजा

मला येणारा फोन साधारण असा असतो: "भाऊ, मी गोलाणी मार्केटात उभा आहे. सर्व्हरला १०जी कार्ड टाकायचंय. आरजे-४५वालं घेऊ की एसएफपीवालं?" (१०जी म्हणजे सेकंदाला दहा गिगाबिट वेगाचं नेटवर्क कार्ड. आरजे-४५ म्हणजे नेहमीच्या लॅन केबलचं भोक, एसएफपी म्हणजे ज्यात वेगळं मॉड्युल खुपसावं लागतं ते.) मी विचारतो, स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे एकत्र येतात ती पेटी, सर्व्हरपासून किती लांब आहे? "असंल तिथंच." तिथंच म्हणजे त्याच रॅकमध्ये, वरच्या मजल्यावर, की अंगण ओलांडून वजनकाट्याच्या केबिनमध्ये? इथे गाडी अडते. कार्ड हातात आलेलं असतं आणि केबलचा पत्ता नसतो. जळगाव-धुळ्याकडच्या मिल, दवाखाने आणि ऑफिसं फिरून माझं मत असं झालंय की खरेदीचा क्रम उलटा हवा. आधी अंतर, मग केबल, मग स्विच, आणि कार्ड सगळ्यात शेवटी.

त्याच्याही आधी एक हिशोब करा. १जीवर प्रत्यक्षात सेकंदाला ११०-११५ एमबी हाती लागतात. म्हणजे एक टीबीच्या बॅकअपला जवळजवळ अडीच तास. १०जी टाकलं की हेच काम पंधरा मिनिटांत होईल असं लोक धरून चालतात. पण बॅकअप एका साध्या हार्ड डिस्कवर जात असेल, तर ती सेकंदाला १८०च्या आसपासच लिहिते, आणि दीड तास लागायचा तो लागतोच. साटा एसएसडी असेल तर ५००च्या आसपास, म्हणजे पस्तीस मिनिटं. टॅलीवर सहा जण बसतात आणि "फार स्लो चालतं" एवढीच तक्रार असेल, तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा किंवा रॅमचा निघतो. तिथे १०जी कार्ड टाकणं म्हणजे बैल थकलाय म्हणून गाडीची चाकं बदलणं.

मधला एक रस्ताही आहे, २.५जी. त्याचं मानक २०१६ साली आलं आणि ते भिंतीतल्या जुन्या कॅट-५ई केबलवर १०० मीटरपर्यंत चालतं. भिंत फोडायची नाही, केसिंग-पट्टी उचकटायची नाही आणि वेग दुपटीच्या वर. सीएचं ऑफिस किंवा छोटी पॅथॉलॉजी लॅब असेल तर मी आधी हेच सुचवतो. दोन्हीकडचे पोर्ट २.५जीचे हवेत, एवढी एकच अट.

आता खऱ्या १०जीकडे वळू. रस्ते तीन: तांबं, डॅक आणि फायबर.

तांबं, म्हणजे आरजे-४५

याचा सगळ्यात मोठा गुण असा की ते जुन्याशी जमवून घेतं. आज तुमचा स्विच १जीचा असेल तरी कार्ड लावून टाका, ते गुमान १जीवर चालेल. पुढच्या दिवाळीत स्विच बदलला की तीच केबल, तेच कार्ड १०जीवर जाईल. इंटेलचं एक्स५५० तर २.५ आणि ५जीसुद्धा बोलतं. एसएफपी-प्लस (एसएफपीचाच १०जीचा प्रकार) कार्डाशी हे असं होत नाही. तिथे मॉड्युल जुळवावं लागतं.

केबलचं मात्र नीट बघा. कॅट-६एवर १०जी पूर्ण १०० मीटर जातं. साध्या कॅट-६वर ३७ मीटरपर्यंत निश्चिंत, पुढे ५५पर्यंत जाईल की नाही हे शेजारून किती केबली गठ्ठ्याने बांधल्यात त्यावर ठरतं. कॅट-६ए जाड आणि हट्टी असते. जुन्या पाऊण इंची कंड्युटमधून चार ओढायला गेलात तर हात सोलून निघतील. कॅट-५ईचे प्लग तिच्या तारेला बसत नाहीत, कॅट-६एचेच घ्या. क्रिम्प करताना, म्हणजे प्लग दाबून बसवताना, जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. पीळ सोडून तारा छान सरळ, बोटभर लांब काढणारे कारागीर मी पाहिलेत. दिसायला सुबक, पण १०जी त्यावर टिकत नाही, लिंक १जीवर घसरते आणि मालक कार्डाला शिव्या देतो.

बाजारात "कॅट-६" म्हणून मिळणारी स्वस्त केबल कित्येकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. ब्लेडने तार खरवडा. आतून पांढरी चकाकी दिसली की बॉक्स परत करा. तांब्याचा बॉक्स उचलतानाच जड लागतो.

दुसरी अडचण उष्णतेची. तांब्यावर १०जी ढकलायला चिपला बरीच मेहनत पडते. दोन पोर्टांची जुनी तांब्याची कार्डं तशाच एसएफपी-प्लस कार्डाच्या साधारण दुप्पट वीज खातात आणि तेवढीच तापतात. पुण्याच्या एसी सर्व्हर रूममध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि सर्व्हर मॅनेजरच्या केबिनमध्ये, कूलरसमोर ठेवलेला असतो. (तो कूलर तेवढा हलवा हो. गार वाटतं ते माणसाला. सर्व्हरला त्यातून ओल आणि खारट पाण्याची पूड मिळते.) असेंबल केलेल्या टॉवर पीसीलाच सर्व्हर म्हणत असाल, तर कार्डावर वारा येतो का ते बघा. या कार्डांना स्वतःचा पंखा बहुधा नसतो. ती खऱ्या सर्व्हरच्या पंख्यांच्या भरवशावर बनवलेली असतात.

डॅक

दोन्ही टोकांना मॉड्युल कायमचं जोडलेली छोटी जाड केबल. एक, दोन, तीन, फार तर पाच मीटर. सर्व्हर, स्विच आणि बॅकअपचा नॅस (नेटवर्कवर लावलेली डिस्कची पेटी) एकाच रॅकमध्ये असेल तर दुसरा विचार करू नका. सगळ्यात स्वस्त हीच, वीज नगण्य, क्रिम्पिंग नाही, घासपूस नाही. खट्ट आवाज आला की झालं.

कार्ड एसएफपी-प्लसचं लागेल. सेकंडहँड बाजारात इंटेलचं एक्स५२० सहज मिळतं. ते मॉड्युलच्या बाबतीत नखरे करतं, ओळखीचं नसलं तर नाकारतं. लिनक्समध्ये 'अलाउ अनसपोर्टेड एसएफपी' हा ड्रायव्हरचा पर्याय चालू करून त्याची समजूत घालता येते. मानकाप्रमाणे बनलेली पॅसिव्ह डॅक केबल मात्र ते मुकाट्याने घेतं. उलट नखरा स्विचकडूनही होऊ शकतो, म्हणून केबल घेताना स्विचचा मेक-मॉडेल दुकानदाराला सांगा. नकली एक्स५२० पुष्कळ फिरतात, आणि कार्ड जुनं असल्याने तुमच्या ओएसच्या आवृत्तीला ड्रायव्हर आहे का हेही आधी बघून घ्या.

फायबर, आणि माझी चूक

कापसाच्या एका जिनिंगमध्ये ऑफिसपासून वजनकाट्यापर्यंत साठ-पासष्ट मीटर अंतर होतं. मालकाची घाई, सीझन तोंडावर. मी दोन इमारतींच्या मधून लोखंडी तार ताणली आणि तिला टाय मारून कॅट-६ नेली. १जीच होतं, झकास चाललं. मिरीग (मृग नक्षत्र) लागायच्या दोन दिवस आधी संध्याकाळी वादळ आलं, रावेर-यावलकडे केळी आडवी करतं तसलं. वीज मिलवर पडलीच नाही, पलीकडच्या शेतात कुठेतरी पडली. सकाळी गेलो तर काट्यावरचा स्विच मेलेला, ऑफिसातल्या स्विचचे सहा पोर्ट गेलेले आणि सर्व्हरच्या मदरबोर्डवरचं नेटवर्क कायमचं बंद. दोन इमारती, दोन वेगळ्या अर्थिंग, आणि त्यांना जोडणारी मी टाकलेली तांब्याची तार. जवळपास वीज पडली की दोन्ही जमिनींच्या विद्युतदाबात जो फरक पडतो, तो त्या तारेतून धावतो. मालक काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "अमळनेरच्या तेलाच्या कारखान्यातून विप्रो निघाली, आमच्या जिनिंगमधून निदान वजनाची पावती तरी निघू द्या." त्या सर्व्हरचं नवं कार्ड मी माझ्या खिशातून टाकलं.

तेव्हापासून इमारत बदलली की फायबर, अंतर वीस मीटर का असेना. काचेतून वीज वाहत नाही. फक्त चिलखती फायबर घेतलंत तर तिच्यातलं लोखंडी आवरण दोन्हीकडे जोडू नका, नाहीतर पुन्हा तोच रस्ता उघडाल. एचडीपीई पाइप जमिनीखालून न्या. उंदीर-खारींपासूनही केबल वाचते. फायबर ओढताना हमाल बघत होता. "भो, हाऊ ते नुसता दोरा शे!" त्या दोऱ्यातून आता सगळ्या गाड्यांची वजनं जातात.

फायबरच्या दोन जाती, मग मल्टिमोड की सिंगलमोड? पुस्तकात उत्तर असं की कमी अंतराला मल्टिमोड: ओएम-३ दर्जाच्या केबलवर एसआर (कमी पल्ल्याचं) मॉड्युल ३०० मीटर, ओएम-४वर ४००. सिंगलमोडवर एलआर (लांब पल्ल्याचं) मॉड्युल १० किलोमीटर. मल्टिमोडची मॉड्युलं थोडी स्वस्त. तरी खान्देशात नवीन फायबर टाकत असाल तर मी सिंगलमोडच म्हणेन. कारण सरळ आहे. शहाद्यापासून चाळीसगावपर्यंत ब्रॉडबँडवाल्या पोरांकडे सिंगलमोडचं ड्रम आणि फायबर सांधायचं स्प्लायसिंग मशीन असतं. ट्रॅक्टरने केबल तोडली तर तालुक्याच्या गावात त्याच दिवशी जोडणी होते. फिरोजी रंगाच्या मल्टिमोड कॉर्डसाठी मात्र मुंबईहून येणाऱ्या पार्सलची वाट बघत बसाल. १० किलोमीटरचं एलआर मॉड्युल पन्नास मीटरवर लावलं तर जळतं असंही कुणी सांगेल. जळत नाही. ती भीती ४० किलोमीटरच्या ईआर मॉड्युलची, त्याला कमी अंतरावर प्रकाश कमी करणारा ॲटेन्युएटर लावावाच लागतो.

ब्रॉडबँडवाल्याला बोलावलंत तर एक गोष्ट बजावून सांगा. घरोघरच्या इंटरनेटचा त्याच्या पिशवीतला कनेक्टर हिरवा असतो, त्याचं टोक आठ अंशात तिरकं घासलेलं असतं. तुमच्या मॉड्युलला निळा, सरळ टोकाचा एलसी कनेक्टर लागतो. हिरवा-निळा जोडला की दोन टोकं नीट टेकत नाहीत, प्रकाश गळतो, लिंक लागते-जाते, आणि दोन दिवस सगळे कार्डावर संशय घेत बसतात.

दोन्ही टोकांना एकाच जातीचं मॉड्युल हवं, एसआरला एसआर, एलआरला एलआर. दिवा लागला नाही तर आधी दोन कोर (काचेच्या दोन तारा) आलटून-पालटून बघा. एकीकडची पाठवणारी बाजू दुसरीकडच्या घेणाऱ्या बाजूला जायला हवी. जिनिंगची रुई आणि डाळ मिलची पूड फायबरची वैरी आहे. टोपी काढलीत की लगेच लावा, आणि लावण्याआधी क्लीनर पेनने टोक पुसा. शर्टाच्या टोकाने नाही. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला लागतो.

कार्ड बसवताना

हे काम अर्ध्या तासाचं, पण घोटाळे इथेच होतात. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात, एकाची वायर काढून दुसरी विसरणारे खूप. दोन्ही काढा, मग पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टी बांधा. आपल्या कोरड्या हवेत ती शोभेची नाही.

स्लॉट, म्हणजे कार्ड बसतं ती मदरबोर्डवरची पीसीआयई खाच, नीट वाचा. एक्स८, एक्स४ हे तिच्या रुंदीचे आकडे. आकाराने एक्स८ दिसणारा स्लॉट आतून एक्स४ असू शकतो. एक्स५२०सारखं पीसीआयई २.०चं कार्ड एक्स४वर बसवलं तर वरची मर्यादा सेकंदाला २ जीबी. दोन पोर्ट पूर्ण भरले तर २.५ जीबी लागतात, तेव्हा कमी पडेल. एकच पोर्ट वापरणार असाल तर चिंता नको. ३.०च्या कार्डाला एक्स४ पुरतो.

मागच्या उन्हाळ्यात एका स्कॅन सेंटरमध्ये दोन तास घालवले. सेकंडहँड सर्व्हर, कार्ड नवं कोरं, ओएसला दिसेना. दुसरं कार्ड टाकलं, तेही दिसेना. शेवटी झाकणाच्या आतल्या बाजूचं चित्र वाचलं. तो रायझर (कार्डांचे स्लॉट असलेली उभी पट्टी) दुसऱ्या प्रोसेसरचा होता आणि त्या सॉकेटवर नुसती प्लॅस्टिकची टोपी होती. पहिल्या रायझरवर हलवलं आणि कार्ड लगेच उठलं.

कार्ड कडांना धरा, सोनेरी पट्टीला बोट लावू नका, दोन्ही बाजूंनी सारखं दाबा. ब्रॅकेट (कार्डाच्या टोकाची लोखंडी पट्टी) लो-प्रोफाइल म्हणजे बुटकी हवी की फुल हाइट हे मागवतानाच बघा, नाहीतर ब्रॅकेट न लावताच कार्ड लोंबकळत ठेवण्याची वेळ येते आणि केबलच्या ओढीने ते स्लॉटमधून निसटतं. काही कंपन्यांचे सर्व्हर परकं कार्ड दिसलं की पंखे पूर्ण वेगाने फिरवतात. बिघाड नाही, पण शेजारी बसणाऱ्या कारकुनाला विचारा.

मग कुणी काय घ्यावं? सगळं एका रॅकमध्ये असेल तर डॅक. त्याच इमारतीत, भिंतीत चांगली कॅट-६ आणि तीस-पस्तीस मीटरच्या आत असेल, किंवा स्विच आत्ता बदलायचा नसेल, तर आरजे-४५. इमारत ओलांडायची असेल तर सिंगलमोड आणि एलआर, यावर माझ्याशी वाद घालू नका. काही टोकं जवळ, काही लांब असतील तर एसएफपी-प्लसचं कार्ड घ्या, त्याच पोर्टात आज डॅक आणि उद्या फायबरचं मॉड्युल बसतं. त्यात आरजे-४५चं मॉड्युलही मिळतं, पण ते साधारण ३० मीटरपर्यंतच चालतं आणि चटका बसेल इतकं तापतं. शेजारी-शेजारी दोन लावू नका.

झाकण लावण्याआधी आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा. लिनक्सवर एलएसपीसीआय या कमांडने स्लॉटची रुंदी आणि इथटूल या कमांडने लिंकचा वेग दिसतो. ९.४ गिगाबिटच्या आसपास आकडा आला तर स्क्रू आवळा. तीन-चारवर अडकला तर आधी स्लॉट बघा, आणि बरोबर ०.९४ आला तर कुठेतरी अजून जुना १जी स्विच मध्ये बसलाय.